आठ वर्षांची मुकादम

पुणे जिल्ह्यातल्या कळंबच्या शिवेला शीव लागून वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे अवाढव्य भाग घडतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या दोन बाजूंना बांधलेल्या एस-२०० बूस्टरचे काही भाग इथूनच गेलेले. एकेक बूस्टर २५ मीटरहून लांब आणि ३ मीटरहून जाड. एवढं धूड जिथं मापात बसवलं जातं, त्या पंचक्रोशीत राहून आपल्याला तीन फूट उंच, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असं साधं लाकडी कपाट जमू नये, हे इथल्या कुठल्याही बापाच्या मनाला पटत नाही. त्यात मे महिना असतो. शाळेला सुट्टी लागलेली असते. आठ वर्षांची लेक सकाळपासून "पप्पा, आता मी काय करू?" हा एकच प्रश्न वेगवेगळ्या चालींत विचारत असते, आणि पंख्याखाली पडलेला बाप बोलून जातो, "चल, आपण दोघं मिळून कपाट करू."

तोंडातून गेलेला हा शब्द परत घेता येत नाही. आठ वर्षांच्या माणसाच्या लेखी तो लेखी करार असतो.

कपाट हवं कशाला, असं घरातली म्हातारी माणसं विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती चांगल्या हात-दीड हात रुंद असत. भिंतीतच फडताळ निघायचं, त्याला दोन झडपा लावल्या की निम्मा संसार आत. स्लॅबची घरं आली, भिंत विटेची होऊन काही इंचांवर आली, आणि फडताळाला पोटच उरलं नाही. मग लोखंडी कपाटं आली. गोदरेजनं पोलादी कपाटं करायला १९२३ मध्ये सुरुवात केली. पुढं त्या कपाटाला आरसा लागला आणि ते थेट लग्नाच्या मांडवात पोचलं. पण त्यात साड्या, दागिने आणि सातबारा राहतो. शाळेची जुनी पुस्तकं, शिलाईचा डबा, ओव्याची बाटली, आटलेल्या बॅटऱ्या, कशाच्या आहेत ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या, अशा जनतेला तिथं थारा नसतो. त्यांच्यासाठी बिनकुलपाचं साधं कपाट लागतं.

पूर्वी हे काम सुताराचं होतं आणि त्यात दुसऱ्यानं हात घालायचा नाही, हेही ठरलेलं होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त बलुतेदारांच्या ओळी दिल्या आहेत, त्यात सुतार पहिल्या म्हणजे थोरल्या ओळीत आहे. साहजिकच आहे. ऐन वाफशात पाभर मोडली तर पेरणी थांबणार, आणि पेरणी थांबली तर बाकीच्या अकरा जणांचं बलुतं कुठून येणार? आता पेरणी ट्रॅक्टरवर आली आणि लाकडी औतं माळ्यावर गेली. सुतार आहेत, पण ते बंगल्यांच्या फर्निचरमध्ये आणि मॉड्युलर किचनमध्ये गळ्यापर्यंत बुडालेले. एवढ्याशा कपाटासाठी फोन केला तर "येतो की" म्हणतात, आणि पुढची दिवाळी येते.

म्हणून मग बारामती. प्लायवूडच्या दुकानात शिरल्यावर पहिला शोध लागतो तो हा, की प्लाय आठ बाय चारच्याच शीटमध्ये येतं आणि मोटारसायकलवर आठ बाय चार नेता येत नाही. दुसरा शोध जाडीचा. सुताराच्या भाषेत जाडी सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणून पाऊण इंची प्लाय म्हणजे सहा सूत. हिशेबानं ते १९ एमएम भरायला हवं. दुकानात सहा सूत म्हणून मिळतं ते १८ एमएम. मधला एक एमएम कुणी खाल्ला हे विचारायचं नसतं. पुढं तो एमएम आपला हिशेब चुकता करतोच, पण ते नंतर.

शीट दुकानातच निम्मी कापून घेऊन, छोट्या हत्तीत घालून घरी आणली की आबा काठी टेकत येतात, बोटानं टिचकी मारून बघतात आणि निकाल देतात, "ह्ये लाकूड न्हवं. बाभळीचं का न्हाई केलं?" बाभळीची गाडी, बाभळीचं औत, बाभळीच्या दांड्या यांत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. फक्त वाळलेल्या बाभळीत खिळा मारताना खिळा वाकतो, मारणारा वाकतो, बाभूळ वाकत नाही. लेक मात्र तोवर जमिनीवर पालथी पडून प्लायच्या कडेचे थर मोजत असते. मोजू द्यावेत. थर कितीही निघाले तरी चांगल्या प्लायमध्ये ते विषमच निघतात. प्रत्येक थराचे रेषे आधीच्या थराला आडवे घातलेले असतात आणि दोन्ही तोंडांचे रेषे एकाच दिशेनं यावेत म्हणून थरांची संख्या विषम ठेवतात. अशानं लाकूड उलत नाही आणि सहसा पिळतही नाही. आबांना हे सांगितलं की ते म्हणतात, "मग बाभळीला थर तरी असत्यात का?" आणि चहा प्यायला आत जातात.

इथून मदतीला सुरुवात होते.

कायद्याची बाजू आधी बघून घेतलेली बरी. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये सुधारला, तेव्हा १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात, घरच्यांना हातभार लावायला मूल मोकळं ठेवलं. म्हणजे मे महिन्यातलं कपाट कायद्यात बसतं. मुलाच्या हाताखाली राबणाऱ्या बापाला मात्र कुठल्याच कलमाचं संरक्षण नाही.

कारण पहिल्या तासाभरातच मुकादम कोण हे ठरून जातं. टेप तिच्या हातात असतो, कारण तो सोडला की सर्रकन आत जातो आणि ही गोष्ट पुन:पुन्हा बघण्यासारखी आहे. पेन्सिल तिच्या कानावर असते, कारण सुताराच्या कानावर असते. कान लहान, पेन्सिल मोठी, त्यामुळे ती दर दोन मिनिटांनी खाली पडते आणि शोधायचं काम बापाकडे येतं. गुण्या, हातोडी, पटाशी यांची नावं तिला एकदा सांगितली की पाठ. "पप्पा, गुण्या द्या," असा हुकूम सुटल्यावर 'द्या' या आदरानं फसून जाऊ नये. ऊसतोडीचा मुकादमही टोळीशी असाच बोलतो.

तरीही मुलांचा एक उपयोग असा आहे, की त्याला तोड नाही. तो म्हणजे त्यांचं वजन. परदेशी सुताराकडे लाकूड आवळून धरायला भलंमोठं बाक आणि शिकंजा असतो. आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसतो आणि फळी पायाच्या अंगठ्याखाली धरून कापतो. घरगुती बापाच्या अंगठ्यात तो जोर नसतो. मग फळीवर मूल बसवायचं. ही काही नवी युक्ती नाही. या भागात ज्यांचं बालपण बैलांच्या मागं गेलं, त्या प्रत्येकानं कुळवावर बसून फेऱ्या मारल्या आहेत. कुळवाची फास जमिनीत नीट उतरावी म्हणून वर वजन लागतं, आणि दगडापेक्षा पोरगं सोयीचं, कारण ते स्वतः चढतं आणि वर बसून बैलांशी गप्पाही मारतं. आठ वर्षांचं मूल साधारण २२ ते २५ किलोचं असतं. आठ फुटी प्लाय हलू नये म्हणून इतकं पुरतं. अट एवढीच, की करवत चालू असताना वजनानं शिवणापाणी खेळायला जाऊ नये.

खिळे ठोकण्याचं तसं नाही. तिथं बोटांचा प्रश्न असतो आणि मुलांना खेळण्यातली हातोडी चालत नाही. प्लास्टिकची हातोडी दिली की मूल ती एकदा प्लायवर आपटतं, बापाकडे बघतं, आणि त्या नजरेत अपमानाचा सगळा हिशेब असतो. खरी पण लहान हातोडी द्यावी, आणि खिळा बोटांनी न धरता कपड्याच्या चिमट्यात धरायला लावावा. चिमटा फुटला तर चालतो. स्क्रूचं काम असेल तर आधी भोक पाडून घ्यावं लागतं. प्लायच्या कडेत दीड इंची स्क्रू सरळ घुसवला की थर उलतात. तीन एमएमचं भोक आधी पाडलं की तोच स्क्रू मुकाट आत जातो. ड्रिल चालवायचं बापानं, स्क्रू पिळायचा लेकीनं, अशी वाटणी उत्तम. स्क्रू बसताना शेवटी जो करकर आवाज येतो, तो ऐकताना तिची जीभ बाहेर येते. मन लावून काम करणाऱ्या मोठ्या कारागिरांचीही येते. तेवढ्यात लाईट जाते आणि ड्रिल अर्ध्या भोकात थांबतं, ही वेळ चहाची.

मुलं मदत का करतात, यावर शास्त्रज्ञांनी बरंच डोकं चालवलं आहे. त्यातला एक प्रयोग तर कपाटाचाच आहे. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी तो २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेतलेला माणूस बंद कपाटाच्या दारावर जाऊन आपटायचा आणि गोंधळल्यासारखा उभा राहायचा. समोर १८ महिन्यांचं मूल. कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही. तरी अनेक मुलं दुडदुडत जाऊन कपाटाचं दार उघडून द्यायची. अशी बरीच कामं लावून पाहिली, तेव्हा २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. कळंबच्या घरातला दीड वर्षाचा धाकटा भाऊ हे शास्त्र न वाचताच पाळतो. फरक इतकाच, की आपलं कपाट अजून व्हायचं असतं, त्यामुळे तो स्क्रूची पुडी उघडून देतो.

याच दोघांचा २००८ चा दुसरा प्रयोग बापांच्या जास्त कामाचा. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं. काहींना नुसती शाबासकी दिली. काहींना काहीच नाही. नंतर बक्षिसं बंद केल्यावर पहिल्या गटातल्या मुलांनी मदतीचा हात आखडता घेतला. म्हणजे "हे धर, तुला कुरकुरे देतो" असं म्हणणारा बाप पुढच्या प्रत्येक फळीला कुरकुऱ्यांची पाच रुपयांची पुडी मोजणार. आठव्या वर्षी तर भाव ठरवण्याची अक्कलही आलेली असते. फळी धरायला एक पुडी, झाडून काढायला दोन, आणि धाकट्याला लांब ठेवायला आइस्क्रीम.

फेविकॉलची बाटली उघडली की मात्र मजुरीची बोलणी आपोआप थांबतात. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आलं, बळवंतराय पारेख यांनी आणलं. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस उकळून वापरत, आणि त्या वासानं गिऱ्हाईक कामावर लक्ष ठेवायला फार वेळ थांबत नसे. पांढऱ्या, थंड, बिनवासाच्या डिंकानं सुतारांचे कष्ट वाचवले हे खरं, पण त्याचा खरा चाहतावर्ग लहान मुलांचा आहे. तळहातावर पातळ थर द्यायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि अख्खा पापुद्रा, हाताच्या रेषांसकट, हळूच सोलून काढायचा. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. फळी जोडायला घेतलेल्या फेविकॉलपैकी बरंचसं असं तळहातावर जोडलं जातं. बाप रागावतो, मग पोरगी आत गेल्यावर स्वतःच्या हातावर थोडं लावून बघतो.

मुलांना खरं हत्यार आणि खरं काम द्यावं, हा विचार जुना आहे. १८६०च्या दशकात फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी हस्तकाम शाळेत आणलं. पुढं स्वीडनमध्ये नेस इथं ऑटो सालोमॉन यांनी त्याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली आणि देशोदेशीचे शिक्षक तिथं जाऊन लाकडी चमचे कोरू लागले. आपल्याकडं गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली. शिकायचं ते हातउद्योगातून. कोठारी आयोगानं (१९६४–६६) कार्यानुभव सुचवला. तो महाराष्ट्राच्या शाळांत आला आणि थोड्याच काळात पालकांचा कार्यानुभव झाला. रविवारी रात्री नऊ वाजता "उद्या आइस्क्रीमच्या काड्यांचं घर न्यायचंय" असं कळल्यावर काड्या आणण्यापासून ते चिकटवण्यापर्यंत सगळा अनुभव कोण घेतं, हे घरोघरी माहीत आहे.

पण पुणे जिल्ह्यातच याचा चांगला नमुना आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावात आले. त्यांच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामात घालवतात. सुतारकाम, वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, पशुपालन. कामं खरी आणि गावाच्या गरजेची. शेडचं दार लागलं नाही तर मार्क कमी पडून भागत नाही, शेळ्या बाहेर येतात. कपाटाचं तसंच आहे. दार लागलं नाही तर आत झुरळं जातात, आणि झुरळाला वहीवरचा 'छान' हा शेरा दाखवून उपयोग नसतो.

आता तो खाल्लेला एमएम. कपाटाची बाहेरून रुंदी २४ इंच. दोन बाजूच्या फळ्या सहा-सहा सुती, म्हणजे दोन्ही मिळून दीड इंच. म्हणून आतली फळी साडेबावीस इंची कापायची, हे गणित तिसरीच्या वहीतही बरोबर येतं. पण फळ्या प्रत्यक्षात १८ एमएमच्या. दोन बाजूंचा मिळून दोन एमएम फरक पडतो, आणि साडेबावीसची फळी आत खुळखुळते. करवत स्वतःच्या पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा करून खाते, ते वेगळंच. लेकीनं काढलेली रेघ बरोबर होती, बापानं केलेली वजाबाकी बरोबर होती, दुकानदाराचं बिल बरोबर होतं, आणि फट मात्र समोर होती. अशा वेळी सुतार जे करतो तेच करायचं: भुसा फेविकॉलमध्ये कालवून लांबी भरायची. हे काम मुलांइतकं मनापासून कुणीच करत नाही. जिथं फट नाही तिथंही भरतात.

सांगाडा उभा राहिला की तो काटकोनात आहे का ते बघावं लागतं. गुण्या लहान पडतो, म्हणून कर्ण मोजायचे. तीन फूट बाय दोन फुटांचा कर्ण ४३ इंच आणि दोन सूत येतो. दोन्ही कर्ण सारखे आले तर कपाट चौकोनी, नाहीतर पतंग. लेक एक टोक धरते, बाप दुसरं, आणि टेप वाचायचा हक्क तिचा. एक कर्ण पुरा ४३. दुसरा ४३ आणि चार सूत. मग बापानं सांगाड्याच्या लांब कर्णाच्या कोपऱ्याला खांदा लावायचा, तिनं टेप धरून "अजून, अजून, थांबा, जास्त झालं" असं ओरडायचं. इथं मुकादम शब्दशः मुकादम असते, आणि फेविकॉल ओला असेपर्यंतच हा दरबार चालतो. पाठीमागचं दोन सुती प्लाय ठोकलं की सांगाडा आहे त्या कोनात कायमचा गोठतो.

दारं लावताना सगळ्यांचीच बोलती बंद होते. दोन दारं, चार बिजागऱ्या, मध्ये सूतभर फट. बिजागरी एका बाजूनं सूतभर वर बसली की दार एक डोळा मिचकावल्यासारखं दिसतं. त्यात घराची फरशी. फरशीला मोरीकडे उतार दिलेला असतो आणि तो कपाट ठेवल्यावरच कळतो. कपाट डुगडुगतं. जे कपाट ओट्यावर पाणसळीत होतं, ते खोलीत येऊन वाकतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी जाते. तो पुठ्ठा तात्पुरता असतो आणि कपाटापेक्षा जास्त टिकतो.

आजी इतका वेळ काहीच बोललेल्या नसतात. त्या येतात, दार उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. मग विचारतात, "बरणी मावंल का ह्यात?" लोणच्याची चिनी मातीची बरणी आणून आत घालून पाहिली जाते. फळ्यांमधलं अंतर बरणीच्या उंचीपेक्षा बोटभर कमी. कपाटात काय ठेवायचं ते मोजून मग फळ्या मारायच्या असतात, हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं; पण पुस्तकात आजी नसतात. फळी काढायची तर फेविकॉल वाळलेलं. अखेर बरणी कपाटाच्या डोक्यावर बसते. आतल्या खणात, आई भाकरी थापायला गेलेली बघून, धाकटा बसतो.

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूवर आहे. लोकांना आयकियाची खोकी जोडायला, कागदाचे पक्षी करायला दिले आणि मग किंमत विचारली. ज्यांनी स्वतः केले त्यांनी आपले चुरगळलेले पक्षी जवळपास तज्ज्ञांच्या पक्ष्यांच्या मोलाचे ठरवले. बाकीच्यांना तो कचरा वाटला. कळंबमध्ये याचा पडताळा यायला फारसा वेळ लागत नाही. शेजारी येऊन म्हणतात, "केवढ्याला घेतलं?" बाप म्हणतो, "घरीच केलं." शेजारी म्हणतात, "वाटलंच." या एका शब्दावर तीन दिवस घरात चर्चा होते. बाप म्हणतो ते कौतुक होतं. आई काही म्हणत नाही.

राहिला प्रश्न उरलेल्या प्लायचा. बत्तीस चौरस फुटांच्या शीटमधून बाजू, फळ्या आणि दारं मिळून वीस गेले. बारा शिल्लक. आजींना त्यात चौरंग दिसतो. आबांना खाटेखालच्या खोक्याचं झाकण दिसतं. लेक जमिनीवर खडूनं कुत्र्याच्या घराचा नकाशा काढून बसलेली असते. त्याला दोन खिडक्या आहेत, एक माळा आहे आणि बापानं हजर राहायची वेळ सकाळी सातची आहे. कुत्रं अजून आणलेलं नाही.